फ्लॅपची कैफियत

वर जाण्याविषयी आपल्याकडे जेवढे लिहिले गेले आहे, त्याच्या शतांशानेही खाली येण्याविषयी लिहिले गेलेले नाही. पुष्पक विमान मूळचे कोणाचे, ते कोणी बळकावले आणि अखेरीस कोणाला परत मिळाले, याची सारी वहिवाट रामायणात नोंदलेली आहे; परंतु लंकेहून वानरांसह निघालेले ते अवजड वाहन भूमीवर टेकले कसे, याचा निकाल मात्र रामाची आज्ञा झाली आणि विमान उतरले, एवढ्यावरच लावलेला आढळतो. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवल्याची जी आख्यायिका आपण अभिमानाने सांगतो, आणि जिला पुराव्याचा कागद अद्याप कोणी जोडलेला नाही, तीतही विमान पंधराशे फूट वर गेले हा आकडा सांगणाऱ्याला तोंडपाठ असतो, आणि उतरण्याचा विषय निघाला की 'मग कोसळले' या दोन शब्दांत तो प्रकरण दप्तरदाखल करतो. अशा या उपेक्षित विषयाला आमच्या शेजारच्या नानांनी वाहून घेतले, आणि फोमच्या एका विमानाच्या पंखामागे लावलेल्या दोन बोटे रुंदीच्या पट्टीपायी, म्हणजेच फ्लॅपपायी, एक अख्खा उन्हाळा खर्ची घातला, म्हणून ही कैफियत सादर करणे मला प्राप्त आहे.

नंदुरबार जिल्ह्याचा आणि आकाशमार्गाचा संबंध फारसा निकटचा नाही. १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तेव्हा दप्तरे वाटली गेली, कपाटे वाटली गेली, आस्थापनेवरची माणसेही वाटली गेली, आणि त्या वाटणीत महसूल खात्याचा एक अव्वल कारकून या नात्याने मीही इकडे आलो. धावपट्टी मात्र अविभाज्य असल्यामुळे धुळ्याकडेच राहिली. परप्रांतात जायचे तर आम्हांला सुरत-भुसावळ लोहमार्ग पुरतो, आणि तेवढीही दगदग नको असेल तर नवापूरचे स्थानक आहे, जिथे निम्मा फलाट महाराष्ट्रात आणि निम्मा गुजरातेत असल्यामुळे बाकावर जरा सरकून बसले तरी राज्य बदलते. विमान म्हणजे आमच्या लेखी सातपुड्याच्या माथ्यावरून सरकत जाणारी एक पांढरी रेघ. अशा या निरुपद्रवी वातावरणात २०२० साली बातमी आली की कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान धुळ्याच्या धावपट्टीवरून उडाले. ती बातमी वाचून आमच्या आळीतील बहुतेकांनी पान उलटले. नानांनी आपल्या गच्चीची मोजणी केली.

सुदैवाने त्या गच्चीचा कब्जा वहिनींकडे होता, आणि तीवर कुरडया वाळत होत्या. त्यामुळे सहा आसनी विमानाची योजना तहकूब होऊन चार फूट पंखाच्या फोमच्या विमानावर तडजोड झाली. नाना हे निवृत्त विज्ञानशिक्षक. तरुणपणी पुण्यास शिकत असताना ते राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत होते. ही शाखा १९५० साली मुंबई आणि कलकत्ता येथून सुरू झाली, आणि विमानांच्या प्रतिकृती बनवून उडवणे हा तिच्या शिक्षणक्रमाचा एक रीतसर भाग आहे. तेव्हाच्या प्रतिकृती बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या असत. त्या घडवण्यास महिना लागे आणि मोडण्यास निमिष पुरे होई. फोमने या कलेत लोकशाही आणली. विमान नाकावर आपटले तरी नाक गोळा करून चिकटवता येते, आणि चिकटवलेल्या नाकाचे विमान पूर्वीइतकेच डौलाने उडते, फक्त चेहऱ्यावर थोडी अनुभवाची छटा दिसते.

कुरिअरने खोके आले त्या दिवशी वहिनींनी कायद्याचा मुद्दा काढला. थर्माकोलवर बंदी आहे ना, असे त्यांनी मला साक्षीदार म्हणून बोलावून विचारले. मी माहिती दिली की दिनांक २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात थर्माकोलची ताटे, वाट्या, पेले आणि सजावट यांना मनाई आहे. विमान ताटात मोडत नाही, वाटीत मोडत नाही, आणि त्याचा फोम तर थर्माकोलाचा सधन चुलतभाऊ आहे. यावर वहिनी म्हणाल्या, "पण दिवाणखान्यात टांगून ठेवलं तर सजावट होईल की." हा मुद्दा बिनतोड होता. तेव्हापासून ते विमान टांगण्याचा नव्हे तर उडवण्याचाच पदार्थ आहे हे कायद्याच्या दृष्टीने सिद्ध करण्याची जबाबदारी नानांवर येऊन पडली.

उडवायचे कोठे, हा प्रश्न नंदुरबारात वर्षाचे निम्मे महिने उद्भवत नाही. ज्यांनी हे गाव हिवाळ्यात पाहिले असेल त्यांना शहराबाहेरच्या पथारी आठवत असतील. दसऱ्याच्या आगेमागे ओल्या लाल मिरचीची आवक सुरू झाली की व्यापारी मोकळ्या माळावर ती पसरतात, आणि नजर पोहोचेल तिथवर जमीन लाल होऊन जाते. बाया देठ खुडत बसतात, मजूर मिरची खालीवर करतात, आणि जाणारा-येणारा शिंकतो. होळीनंतर मात्र ही पथारी रिकामी होते. सपाट, साफ, दगड वेचलेली, आणि आकाशाकडे तोंड करून पडलेली अशी जागा जगात विमानवाल्यांना भाड्याने मिळत नाही. नानांना ती त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आता मिरचीचा मोठा व्यापारी आहे, फुकट दिली. दोष एकच. पथारीच्या पश्चिमेला लिंबाच्या झाडांची एक रांग होती, आणि वारा पश्चिमेकडून येत असल्यामुळे पूर्वेकडून उतरायचे, तर पूर्वेला मिरचीचे शेड. म्हणजे शेडच्या पत्र्यावरून यायचे, आणि लिंबाच्या आत थांबायचे.

आता फोमच्या विमानाचा एक स्वभाव सांगितला पाहिजे, कारण पुढील सारे रामायण त्यातूनच निघाले आहे. हे विमान खाली येत नाही. त्याचे वजन बॅटरी धरून एक किलोच्या आसपास, पंख प्रशस्त, आणि खाली एप्रिल महिन्यातली नंदुरबारची तापलेली जमीन, जिच्यावरून ऊन हवेचे लोट वर उठत असतात. मोटर बंद केली तरी ते आपले तरंगतच राहते; शेडवरून उतरायला लागते ते लिंबाच्या शेंड्यापर्यंत उतरतच असते. नाक खाली दाबले तर उतरते खरे, पण वेग घेते, आणि तो वेग जमिनीशी आल्यावर पुन्हा तरंगण्यात खर्च करते. पहिल्या आठवड्यातच त्याने लिंबावर असा काही मुक्काम ठोकला, की ते काढण्यासाठी शेडवरची शिडी आणावी लागली.

यावरचा उपाय मोठ्या विमानविद्येने फार पूर्वी शोधून ठेवला आहे. पंखाची मागची कड, बुडख्याच्या बाजूची, खाली वाकवता आली की पंखाचा बाक वाढतो. बाक वाढला की त्याच वेगात अधिक उचल मिळते, म्हणून विमान अधिक सावकाश उडूनही हवेत टिकते. आणि उचलीबरोबर हवेचा अवरोधही वाढतो, म्हणून ते अधिक उभ्या उताराने वेग न घेता खाली येऊ शकते. पहिल्या पंधरा-वीस अंशांत उचलीचा वाटा मोठा असतो, चाळीस अंशांपुढे अवरोधाचा. कारकुनी भाषेत सांगायचे तर उचल मंजूर झाली की वसुली त्याच महिन्यापासून लागते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईच्या जुहूवर टपाल आणले ते ज्या पुस मॉथ जातीच्या विमानातून, त्याला फ्लॅप नव्हतेच. त्याच्या चाकांच्या दांड्यांवरील आवरणे वैमानिकाने आडवी फिरवली की वाऱ्याला अडथळा होऊन उतार वाढत असे. ज्या ऑर्व्हिल राइट यांनी १९०३ साली मनुष्यजातीला वर नेले, त्यांनाच पन्नाशीच्या सुमारास खाली येण्याची आठवण झाली, आणि पंखाच्या पोटाकडची कड तेवढी उघडणाऱ्या फ्लॅपचे पेटंट त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९२४ साली मिळवले. म्हणजे आरोहणापासून अवरोहणापर्यंतची फाईल खुद्द राइटांच्या टेबलावरही एकवीस वर्षे पडून होती. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख पलटणीचे जवान घेऊन जी डाकोटा विमाने श्रीनगरला उतरली, त्यांचे फ्लॅप याच घाटाचे.

हा सगळा इतिहास नानांनी मला ओसरीवर चहा थंड होईपर्यंत सांगितला. माझे मत विचाराल तर एक किलोच्या फोमला इतक्या थोर परंपरेची गरज नव्हती. उचल त्याला मुळातच गरजेपेक्षा अधिक होती, आणि अवरोधच हवा होता तर तो वहिनींकडून मुबलक मिळण्यासारखा होता. पण विमानाला फ्लॅप लागत नसले तरी निवृत्त माणसाला लागतात, हे मी मनाशी ओळखून गप्प राहिलो.

मग पंख कापण्याचा मुहूर्त निघाला. ज्यांनी धडधाकट, नव्या, पैसे मोजून आणलेल्या वस्तूवर ब्लेड चालवले नसेल त्यांना त्या क्षणाचे गांभीर्य कळणार नाही. नानांनी स्टीलची पट्टी धरून पंखाच्या मागच्या कडेपासून रुंदीच्या चौथ्या हिश्श्यावर पेन्सिलीने रेघ ओढली, चष्मा पुसला, पुन्हा ओढली, आणि ब्लेडचे नवे पाते काढून एका श्वासात ओढ घेतली. फोम कापला जाताना एक बारीक, दात शिवशिवणारा आवाज येतो; त्या आवाजासरशी वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि काही न बोलता परत गेल्या. सुटलेल्या पट्टीची पुढची कड खालच्या अंगाने तिरपी तासावी लागते, नाही तर ती खाली वाकताना पंखालाच अडते. ही तासणी नानांनी लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून केली. फोमची पांढरी कणी उडून त्यांच्या मिशांवर, माझ्या चहात आणि तुळशीवर पडली. मग वरच्या अंगाने चिकटपट्टीची बिजागरी, पट्टीच्या पोटाला जुन्या प्लास्टिक कार्डातून कापलेले शिंग, शिंगापासून पुढे सायकलच्या स्पोकची काडी, आणि काडीच्या टोकाला सर्व्हो. हा सर्व्हो म्हणजे नऊ ग्रॅम वजनाची, आगपेटीच्या निम्म्या आकाराची डबी. तिच्यात मोटर, तिच्यात दातेरी चाके, आणि बाहेर एक इवलासा हात. रिमोटवरून हुकूम झाला की तो हात तितके अंश फिरतो आणि तिथे हट्टाने थांबतो. फ्लॅपला जायचे असते एकट्या खालच्या दिशेला, वर कधीच नाही; म्हणून सर्व्होचा हात सुरुवातीला सरळ न ठेवता एका बाजूस कलता बसवायचा असतो, तेव्हाच त्याचा सगळा फेर कामी येतो. नानांनी तो प्रथम सरळ बसवला होता. निम्मा फेर वर जाण्यात वाया जाऊन फ्लॅप जेमतेम भुवई उडवल्यासारखा हलला.

खरी मौज दोन्ही बाजू जोडल्यावर झाली. डावा आणि उजवा असे दोन सर्व्हो एकाच हुकमावर चालावेत म्हणून नानांनी दोन फाट्यांची वायर वापरली, बॅटरी लावली, आळीतील मुलांना मागे सरकवले आणि रिमोटची कळ खाली ओढली. डावा फ्लॅप अदबीने खाली गेला. उजवा तितक्याच अदबीने वर गेला. दोघांनीही हुकमाची तंतोतंत तामिली केली होती. परंतु ते पंखात एकमेकांकडे तोंड करून बसवलेले असल्यामुळे एकाच दिशेला फिरणे म्हणजे एकाने पुढे ढकलणे आणि दुसऱ्याने मागे ओढणे असा त्याचा अर्थ होत होता. हे विमान उडवले असते तर ते उतरण्याऐवजी हवेतच कुशीवर वळले असते. कार्यालयात तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या मला या दृश्यात नवे काहीच दिसले नाही, पण नानांना ते असह्य झाले. भाचा सुटीवर आला होता; तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. "मामा, एक सर्व्हो उलटा बसवा," असे त्याने सुचवले. उलटा बसवायचा तर पंखात पुन्हा खड्डा कोरायचा. अखेर दोन्ही फ्लॅपना रिमोटच्या दोन स्वतंत्र वाहिन्या देण्यात आल्या, आणि एका वाहिनीची दिशा रिमोटच्या पोटातच उलटी करण्यात आली. खर्च काही नाही, फक्त रिमोटची माहितीपुस्तिका वाचावी लागली, आणि ती चिनी माणसाने इंग्रजीत लिहिलेली असल्यामुळे तिच्या वाचनाला नानांना चार रात्री जागरण घडले.

त्यानंतर समानतेचा प्रश्न आला. डावा फ्लॅप चाळीस अंश आणि उजवा सदतीस अंश, एवढ्या भेदभावानेही विमान एका बाजूला कलते. नानांनी नातवाच्या कंपासपेटीतील कोनमापक पंखाला टेकवले, मला खाली वाकून वाचायला सांगितले, आणि मी सांगितलेला आकडा अमान्य करून स्वतः वाकून वाचले. मग वहिनींना बोलावले. वहिनींनी दुरूनच पाहून "डावीकडचं लोंबतंय," असा अभिप्राय दिला आणि तोच खरा निघाला. काडीच्या टोकाचा छोटा दुवा अर्धा आटा फिरवला की एक अंश पडतो, दुसरा अर्धा आटा फिरवला की दोन पडतात. या बारीकसारीक फेरफारांत संध्याकाळ झाली. अखेर रिमोटवरील तिहेरी कळीचे तीन हुद्दे मुक्रर झाले: वर म्हणजे फ्लॅप बंद, मध्ये म्हणजे उड्डाणासाठी पंधरा अंश, खाली म्हणजे उतरण्यासाठी चाळीस. नानांनी तो तक्ता वहीच्या पानावर लिहून घेऊन त्यावर तारीख घातली, आणि माझी सही साक्षीदार म्हणून घेतली.

दुसऱ्या दिवशी वारा सुटण्यापूर्वी, म्हणजे सूर्य पथारीवर नीट बसण्याआधी, विमान उडाले. दोन फेऱ्या छान झाल्या. मग नानांनी शेडच्या मागून विमान सरळ आणले, घसा साफ केला आणि कळ पूर्ण खाली ओढली. विमान उतरण्याऐवजी एकदम नाक वर करून आकाशात चढले, तिथे गती संपवून क्षणभर विचार करीत उभे राहिले, आणि एका पंखावर कलंडून पथारीत येऊन बसले. देठ खुडणाऱ्या बाया हंगाम संपल्यावरही त्या शेडमध्ये पोती शिवायला येत, त्यांच्यापैकी एकीने "पडी गयं, पडी गयं!" अशी जी हाळी दिली तीत शोकापेक्षा समाधान अधिक होते.

कारण साधे होते, आणि ते भाच्याने जमिनीवर काडीने आकृती काढून सांगितले. पंख उंचावर असलेल्या विमानाचे फ्लॅप एकाएकी उघडले की वाढलेली उचल त्याला वर ढकलते, आणि पंखामागून खाली वळलेला हवेचा झोत शेपटीवर पडून शेपूट दाबतो. शेपूट दबली की नाक उचलले जाणारच. उपाय दोन. पहिला, फ्लॅप सावकाश, दोन-तीन सेकंद घेऊन उघडावेत. दुसरा, फ्लॅपच्या हुकमाबरोबरच शेपटीवरील एलेव्हेटर नावाच्या पट्टीला आपोआप किंचित खाली जाण्याचा हुकूम सुटेल अशी जोडणी रिमोटमध्ये करावी. तिला हे लोक 'मिक्स' म्हणतात. इथून पुढे नानांचा उन्हाळा माझ्या परिचयाच्या मार्गाने गेला. एका आदेशाने काही बिघडले की तो मागे न घेता त्याला शुद्धिपत्रक काढायचे, शुद्धिपत्रकाने दुसरे काही बिघडले की पुरवणी शुद्धिपत्रक काढायचे, ही रीत मी आजवर केवळ सरकारात पाहिली होती. फ्लॅपमुळे नाक वर गेले म्हणून एलेव्हेटर खाली दिला. तो जास्त झाला म्हणून विमान शेडच्या पत्र्याकडे सूर मारू लागले. तो निम्मा केला तर पूर्ण फ्लॅपला पुरेना आणि पंधरा अंशांना जास्त होऊ लागला. म्हणून दोन टप्प्यांना दोन वेगळी प्रमाणे ठरवली. ती जुळली तेव्हा असे ध्यानात आले की मोटर चालू असताना एक प्रमाण लागते आणि बंद असताना दुसरे. बॅटरी पुढे-मागे सरकवून विमानाचा गुरुत्वमध्य बदलला की सगळी टक्केवारी पुन्हा पहिल्यापासून. वहीत तक्त्यावर तक्ते चढले. एलेव्हेटर खाली किती जातो ते नाना मिलिमीटरमध्ये मोजत, आणि दोन मिलिमीटर की तीन, यावर त्यांचा व भाच्याचा जो वाद झाला तो ऐकून एखाद्याला वाटावे की बांधावरून मोजणी चालली आहे.

भाच्याने याच सुमारास एक घातक सूचना केली. फ्लॅप कशाला, पंखाच्या टोकांकडील एलेरॉन नावाच्या पट्ट्याच दोन्ही एकदम खाली वाकवाव्यात, म्हणजे सबंध पंखाचे फ्लॅप होतील. हे दिसायला फार तर्कशुद्ध आहे, आणि म्हणूनच पुष्कळ विमानांचा यात अंत झालेला आहे. पंखाची टोके खाली वाकवली की तिथली हवेची पकड वेग मंदावताच बुडख्याच्या आधी सुटते. एक टोक आधी गळपटते, आणि विमान जमिनीपासून पाच-सहा फुटांवर, म्हणजे सावरायला जागा नसेल अशा नेमक्या ठिकाणी, कुशीवर पडते. सुज्ञ वैमानिक उलट करतात: फ्लॅप खाली आणि एलेरॉन किंचित वर. त्याने टोके शाबूत राहतात आणि अवरोधही वाढतो. नानांनी ही दुरुस्ती मान्य केली, पण ती करून दाखवताना रिमोटमधील कळीचा क्रम चुकून फ्लॅप वर आणि एलेरॉन खाली गेले. विमान लिंबावर बसले. शिडी आता शेडऐवजी लिंबाखालीच ठेवलेली होती.

गावात बोलबाला झाल्यावर कोणीतरी कायद्याची शंका काढणार हे उघड होते. ती काढली पथारीवरच्या हमालांच्या मुकादमाने: ड्रोनला परवाना लागतो, याला नाही लागत का? या प्रसंगी मला निवृत्तीनंतर प्रथमच आपल्या उपयुक्ततेची जाणीव झाली. २५ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्ध झालेले ड्रोन नियम मी सबंध वाचले, आणि त्यांतील व्याख्यांच्या कलमात मला मॉडेल विमानाची स्वतंत्र नोंद सापडली: एकूण वजन पंचवीस किलोपेक्षा अधिक नसलेले, शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा करमणूक यांसाठी वापरलेले, आणि डोळ्यांच्या टप्प्यातच उडवलेले. नानांचे विमान या पाचांपैकी नेमके कोणत्या हेतूने उडते, असे मी त्यांना विचारले. चाचणी, असे ते म्हणाले. करमणूक, असे वहिनी म्हणाल्या. मुकादमाचे समाधान झाले. केंद्र सरकारने इतक्या गांभीर्याने व्याख्या केलेली वस्तू आपल्या पथारीवर पडते याचा त्याला उलट अभिमानच वाटू लागला.

आणि मग, मे संपता संपता, एका सकाळी विमान उतरले. शेडच्या पत्र्यावरून ते आले, फ्लॅप सावकाश खाली गेले, नाक जागच्या जागी राहिले, आणि पायऱ्या उतरणाऱ्या सासूबाईंच्या बेताबेताने ते पथारीच्या मध्यावर टेकले. नानांनी रिमोट माझ्या हातात दिला आणि स्वतः चालत विमानापर्यंत गेले. धावत नाही, चालत. तिथे वाकून पाहतात तो दोन्ही सर्व्होंच्या दातेरी चाकांचे दात झडलेले. हे विमान बिनचाकांचे, पोटावर उतरणारे. चाळीस अंश खाली लोंबणारे फ्लॅप पोटाच्याही आधी जमिनीला लागतात, जमीन त्यांना मागे रेटते, आणि सर्व्हो आपला हुद्दा न सोडण्याच्या हट्टापायी दात गमावतो. म्हणजे फ्लॅप खाली घेतल्यावाचून विमान उतरत नाही, आणि उतरण्याच्या शेवटच्या क्षणी ते वर घेतल्यावाचून शाबूत राहत नाहीत. वर घेतले की उचल एकदम जाऊन विमान धप्पकन बसते. धातूच्या दातांचे सर्व्हो मागवावेत, की पोटाखाली सागाची एक पट्टी ठोकून ते दोन बोटे उंच करावे, याचा निर्णय लागेपर्यंत पाऊस आला.

पावसाळ्यात सर्व्हो आले. दसरा जवळ आला तेव्हा नानांना घाई झाली, कारण पथारीवर मिरची पडली की होळीपर्यंत विमानाचे काही खरे नव्हते. मी त्यांच्या वतीने व्यापाऱ्याला एक अर्ज लिहून दिला: पथारीचा उत्तरेकडील कोपरा, जिथे माल उशिरा पसरतात, तेवढा सकाळच्या दोन घटका मोकळा ठेवावा, अर्जदाराच्या विमानाला आता यथायोग्य फ्लॅप असल्यामुळे ते आखलेल्या हद्दीतच उतरेल. व्यापारी जुना विद्यार्थी; त्याने गुरुजींच्या समोर बसून अर्ज दोनदा वाचला, खिशातून पेन काढले आणि शेरा मारला की परवानगी देण्यास हरकत नाही, मात्र विमान मिरचीत उतरल्यास ते बाहेर काढण्यासाठी कोणी माल तुडवू नये; ते तसेच पोत्यात भरून काट्यावर चढवले जाईल आणि मिरचीच्या भावाने विकले जाईल.

नानांनी शेरा वाचला. वजन करण्यापूर्वी बॅटरी काढून घ्यावी, एवढी एक दुरुस्ती त्यांनी माझ्याकडून समासात लिहवून घेतली आणि खाली सही केली.